एरंडेलाने धरलेलं इंजिन: कॉक्स ०.०४९ पुन्हा फिरतं करताना

मी राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत, सांता ॲना गावात, लेरॉय कॉक्स यांचा खेळण्यांचा कारखाना होता. 'थिंबल ड्रोम' नावाने तिथून आधी धातूच्या छोट्या रेसगाड्या निघाल्या आणि पुढे त्या गाड्यांत बसणारी खरीखुरी इंजिनं. त्यामुळे इथल्या गॅरेज सेलमध्ये अजूनही कधीकधी बुटाच्या खोक्यात एखादी 'प्रॉप रॉड' सापडते. ही चाकांना जोर न देता पंख्याच्या वाऱ्यावर पळणारी, दोरीला बांधून गोल फिरवायची गाडी. मला मिळाली ती एका वयस्कर गृहस्थांकडे होती. लहानपणी वडिलांबरोबर चालवलेली, नंतर साठ वर्षं माळ्यावर पडलेली. "इंजिन पार गेलंय, शोभेला ठेव," असं म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली.

इंजिन गेलेलं नव्हतं, ते चिकटलं होतं. या छोट्या इंजिनांच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच असतं. पंखा हलत नाही म्हणून माणूस जोर लावतो, आणि साठ वर्षांत जे मोडलं नाही ते त्या एका झटक्यात मोडतं. माझं पहिलं कॉक्स इंजिन मी स्वतः असंच गमावलं. पक्कड लावून पंख्याची कडी फिरवली, टक्‌ असा आवाज आला आणि कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचा, गोळा पिस्टनच्या खोबणीतून निसटून आला. त्यानंतर अशी बरीच इंजिनं सोडवली. त्यातून हाताला जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

हातात काय आहे ते आधी ओळखा

०.०४९ हा आकडा घनइंचांतला आहे. म्हणजे जेमतेम ०.८ सीसी. बेब बी हे या घराण्यातलं सर्वांत ओळखीचं इंजिन, १९५६ चं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ०.४०६ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ०.३८६ इंच, म्हणजे दोन्ही दहा मिलिमीटरच्या आसपास. सिलिंडर पोलादी, काळपट रंगाचा, बाहेरून पातळ पाती कापलेला. तो ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे पंखा फिरवणारा क्रँक ज्यात असतो त्या खोक्यात, आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. मागे इंधनाची छोटी टाकी, आणि तिच्या तोंडाशी रीड व्हॉल्व्ह म्हणजे एक पातळ पाकळी. स्पार्क प्लग नाही. वरचं झाकणच ग्लो हेड आहे. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचं वेटोळं असतं, ते दीड व्होल्टवर तापवून इंजिन सुरू करायचं. एकदा चालू झालं की बॅटरी काढायची. ज्वलनाची उष्णता आणि मेथॅनॉलवर होणारी प्लॅटिनमची क्रिया यांवर तार लालच राहते. रे आर्डेन यांनी हा ग्लो प्लग १९४७ मध्ये बाजारात आणला आणि छोट्या इंजिनांना कॉइल, कंडेन्सर, बॅटरी अंगावर वागवायची गरज उरली नाही.

पिस्टनला रिंग नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांची जोडी इतकी नेमकी घासलेली असते की तेलाचा पापुद्राच रिंगचं काम करतो. कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक गोळ्यासारखं आहे आणि ते पिस्टनच्या आतल्या खोबणीत बसवून कडा दाबलेल्या असतात. पिन नाही. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

आता बॅटरीवर चालणारा छोटा टॉर्च घ्या आणि एक्झॉस्टच्या खिडकीतून आत बघा. सिलिंडरच्या दोन्ही अंगांना आडव्या फटी आहेत, त्यांतून पिस्टनची भिंत दिसते. ती मधासारखी पिवळसर-तपकिरी, चकचकीत असेल तर खूश व्हा. ते गंज नाही, वाळलेलं एरंडेल आहे. तांबूस, भुकटीसारखं, खरबरीत काही दिसलं तर गंज आहे, आणि मग काम लांबेल. माझ्या प्रॉप रॉडमध्ये आत पाहिलं तर जुन्या देवघरातल्या लाकडावर चढतो तसा गडद रंगाचा वार्निशचा थर होता. कुठेही तांबूस ठिपका नव्हता.

एक धोक्याची सूचना. तुमच्याकडे कॉक्सऐवजी पुढच्या काळातलं पितळी, क्रोम चढवलेल्या लायनरचं (सिलिंडरच्या आतल्या नळीचं) गाडीचं इंजिन असेल, तर थंड असताना पिस्टन अगदी वर गेल्यावर अडकल्यासारखा घट्ट होतोच. तो दोष नाही, ती रचना आहे. तापल्यावर ते सैल होतं.

एरंडेल का, आणि रॉकेल का नाही

आपल्याकडे जाम झालेल्या नट-बोल्टवर पहिला हात रॉकेलच्या बाटलीकडे जातो. मीही तेच केलं होतं. चार दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, काहीच झालं नाही. कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

या इंजिनांचं इंधन म्हणजे मेथॅनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि तेल. मेथॅनॉलमध्ये साधं खनिज तेल विरघळत नाही, एरंडेल मात्र सहज विरघळतं. शिवाय प्रचंड उष्णतेतही एरंडेलाचा पापुद्रा धातूवरून सुटत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत एरंडेलच वापरत, कारण पेट्रोल त्याला सहजासहजी धुऊन नेत नाही. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा कॅस्टरवरूनच आलं. पेट्रोल ज्याला धुऊन नेत नाही त्याला रॉकेल तरी काय करणार? दोघंही एकाच खनिज तेलाच्या कुळातले.

पण एरंडेलाचा दुसरा गुण असा की तापून आणि हवा लागून ते हळूहळू घट्ट होत जातं, शेवटी वार्निशसारखं कडक होतं. मेथॅनॉल कधीच उडून गेलेलं असतं, मागे राहतो तो हा डिंक. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली जागा मुळातच केसाहून बारीक. तिथे हा डिंक भरला की इंजिन सिमेंट ओतल्यासारखं होतं. त्यावर चालतात दोन गोष्टी: अल्कोहोल किंवा ॲसिटोन, आणि उष्णता. उष्णता जास्त चालते. जुना झालेला डिंक कशातच नीट विरघळत नाही, पण तापला की मऊ पडतो.

आधी गाडीतून इंजिन काढा

इंजिन गाडीत असताना तापवायचं किंवा ॲसिटोन ओतायचं नाही. प्रॉप रॉडचं बॉडीचं प्लास्टिक जुनं, ठिसूळ असतं. ॲसिटोनचा एक थेंब पडला तरी तिथे डाग नाही, खड्डा पडतो. स्क्रू काढण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढा. कुठला स्क्रू कुठून निघाला हे कागदावर चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवायची माझी पद्धत आहे. दोन महिन्यांनी परत बसलात तरी शोधाशोध होत नाही.

इंजिन बाहेर आलं की मागची टाकी काढा. ती चार लांब स्क्रूंनी क्रँककेसला धरलेली असते. स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून सैल करा. ॲल्युमिनियममधले आटे फार हलके असतात. टाकी, तिच्यातली मऊ नळी, रबरी ओ-रिंग आणि रीड पाकळी बाजूला ठेवा. यांतलं काहीही भट्टीत जायचं नाही.

सोडवणूक

एक्झॉस्टच्या फटींतून आणि मागून क्रँककेसमध्ये ॲसिटोन किंवा डिनेचर्ड अल्कोहोल सोडा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. हार्डवेअरच्या दुकानात शुद्ध ॲसिटोन मिळतं. झाकणाच्या काचेच्या बरणीत इंजिन बुडवून रात्रभर ठेवलं तर उत्तम. हे सगळं अंगणात किंवा उघड्या गॅलरीत करा, जवळ ज्योत नको. सकाळी बाहेर काढून पूर्ण कोरडं होऊ द्या. उन्हात तासभर ठेवा, वास येईनासा झाला पाहिजे. वास येत असताना तापवायला घेतलंत तर आग लागेल.

मग उष्णता. मी स्वयंपाकासाठी न वापरण्याचा एक जुना छोटा ओव्हन या कामाला ठेवला आहे. १२० अंश सेल्सिअस, वीस ते पंचवीस मिनिटं. हीट गन असेल तर तीही चालते, पण एका जागी धरून ठेवू नका. गॅसची ज्योत किंवा ब्लो-टॉर्च मुळीच नको. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, थेट बसतं.

तापलेलं इंजिन जाड कातडी हातमोज्यात घ्या. पंख्याच्या जागी नायलॉनचा लवचीक पंखा बसवलेला असू द्या. हा माझा आवडता उपाय आहे: जोर जास्त झाला तर पंखा वाकतो, इंजिन मोडत नाही. धातूची पट्टी किंवा पाना लावला की हाताला आतलं काही कळतच नाही. आता पंखा दोन बोटांत धरून पुढे-मागे, पुढे-मागे करायचं. फिरवायचं नाही, फक्त डुलवायचं.

पहिल्यांदा काहीच होणार नाही. परत ॲसिटोन, परत वाळवणं, परत ओव्हन. माझ्या प्रॉप रॉडला असे तीन फेरे लागले. तिसऱ्यांदा डुलवताना पंख्याचं टोक दोन-तीन मिलिमीटर सरकलं, जड मधात चमचा फिरवावा तसं. मी तिथेच थांबून एक्झॉस्टमधून हलक्या तेलाचे चार थेंब सोडले आणि परत डुलवलं. फटीतून कॉफीच्या रंगाचा द्रव झिरपला. पाच मिलिमीटर, मग पाव फेरा, मग अर्धा. पूर्ण फेरा व्हायला वीस मिनिटं गेली. जिथे अडेल तिथून मागे यायचं, तेल सोडायचं आणि पुन्हा जायचं. अडलेल्या जागेवर रेटायचं नाही.

एवढं करूनही हललं नाही तर ग्लो हेड काढून वरून बघा. पिस्टन मधे कुठेतरी असेल तर आठ मिलिमीटर जाडीची लाकडी काठी घालून हलक्या हातोडीने टकटक करता येतं. पण पिस्टन अगदी वर असेल तर हे करू नका. तिथे रॉड आणि क्रँक एका रेषेत असतात. वरून मारलेला ठोका फिरवत नाही, सरळ क्रँकपिनवर बसतो. आणि एक्झॉस्टच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन ढकलायचा मोह आवरा. दोन खिडक्यांमधला सिलिंडरचा भाग म्हणजे दोन पातळ खांब आहेत. ते वाकले की सिलिंडर संपला.

सिलिंडर काढणं

पिस्टन सुटल्यावरच सिलिंडरला हात लावा, हा क्रम बदलू नका. पिस्टनचा सांधा गोळ्याचा असल्यामुळे सिलिंडर फिरवताना पिस्टन त्याच्याबरोबर फिरू शकतो, ही कॉक्सच्या रचनेतली मोठी सोय. पण तो सांधाही डिंकाने धरलेला असेल तर सगळा पीळ रॉडवर येतो.

इथेही उष्णताच मदतीला येते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे क्रँककेस तापली की आट्यांची पकड आपोआप ढिली होते. क्रँककेस कातडं लावलेल्या लाकडी ठोकळ्यांत धरून शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) आवळा. सिलिंडरसाठी कॉक्सचा मूळ चपटा पाना मिळाला तर तोच वापरा, जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळतो. नाहीतर रबरी पट्टा गुंडाळून हाताने. पक्कडीचे दात पात्यांवर एकदा उमटले की ते कायमचे.

सिलिंडर निघाला की रॉडचं खालचं टोक क्रँकपिनवरून मागच्या बाजूला सरकवा आणि पिस्टनसकट वरून बाहेर काढा. पिस्टन कोणत्या बाजूने बसला होता ते पेन्सिलीने आत खूण करून ठेवा. आता पिस्टन एका हातात, रॉड दुसऱ्या हातात धरून हळूच खालीवर करा. सांध्यात एक ते तीन हजारांश इंच, म्हणजे जाणवेल न जाणवेल इतकी हालचाल असावी. टिकटिक असा स्पष्ट आवाज येत असेल तर खोबणीच्या कडा पुन्हा दाबून घ्याव्या लागतील. त्यासाठी रिसेट टूल नावाचं छोटं हत्यार मिळतं. हलका ठोका, तेल, तपासणी, परत हलका ठोका. एकदा जास्त आवळलं गेलं तर सैल करायचा सरळ मार्ग नाही.

साफसफाई

उरलेल्या डिंकासाठी सर्वांत गुणकारी म्हणजे गाडीच्या रेडिएटरचं कूलंट, एथिलीन ग्लायकॉलवालं. जुन्या स्लो कुकरमध्ये सिलिंडर, क्रँककेस आणि स्क्रू बुडतील एवढं घेऊन कमी आचेवर सात-आठ तास ठेवायचं, मग गरम पाण्याने धुऊन जुन्या टूथब्रशने घासायचं. साठ वर्षांचा काळा थर सालीसारखा निघतो. मात्र हे विष आहे आणि चवीला गोड आहे. मुलं, कुत्री, मांजरं यांच्यापासून पूर्ण दूर ठेवा, घराबाहेर करा, ते भांडं पुन्हा खाण्यासाठी कधीही वापरू नका. सोनेरी किंवा लाल रंग चढवलेले भाग यात टाकू नका, रंग फिका पडायची भीती असते. ते ॲसिटोन आणि मऊ कापडाने पुसा.

कॉस्टिक सोडा किंवा तो असलेला ओव्हन क्लीनर अजिबात नको. तो ॲल्युमिनियम खातो.

सिलिंडरच्या आत पॉलिश पेपर, एमरी, वाळूचा साबण यांतलं काहीही घालू नका. बोअर वरच्या बाजूला किंचित निमुळता घासलेला असतो आणि सगळं कॉम्प्रेशन त्या निमुळतेपणावर उभं आहे. लाकडी काडीला सुती चिंधी गुंडाळून, ॲसिटोनमध्ये भिजवून फिरवत राहा. चिंधी पांढरी निघेपर्यंत.

गंज असेल तर ॲसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समान भागात हलवून त्यात इंजिन आठवडाभर बुडवा, अधूनमधून बरणी हलवा, मग वरचीच डुलवण्याची पद्धत. सोडवल्यावर बोअरमध्ये नखाला लागतील असे खड्डे दिसले तर ती जोडी पुन्हा ताकदीने चालणार नाही. अशा वेळी दुसरा सिलिंडर-पिस्टनचा संच शोधावा. ही इंजिनं प्रचंड संख्येने बनली, सुटे भाग अजून फिरतात.

रीड पाकळी उजेडात धरून बघा. वाकलेली, चिरलेली, कडेला चिकटलेली असेल तर बदला. ती आपल्या जागी सैलसर फिरायला हवी. बसवल्यावर तोंडाने ओढून-फुंकून पाहा: हवा एकाच दिशेने, क्रँककेसकडे, गेली पाहिजे. टाकीतली जुनी नळी आणि ओ-रिंग बघत बसू नका, सरळ नवी घाला. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं त्या बहुतेक तक्रारी या दोन रुपयांच्या वस्तूंपाशी येऊन थांबतात. नीडल व्हॉल्व्हच्या, म्हणजे इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या, भोकातून मात्र अल्कोहोल पिचकारीने नीट सोडा.

जोडणी आणि पहिली धाव

प्रत्येक भागाला तेलाचा हात लावून उलट क्रमाने जोडा. सिलिंडर आवळताना नेटका, बेताचा जोर. जास्त आवळला तर बोअरचा आकार बिघडतो. ग्लो हेडखालची तांब्याची चकती विसरू नका. पंखा हळू फिरवा: वर जाताना उशीवर हात दाबावा तसा प्रतिकार यायला हवा, आणि वरून पुढे गेल्यावर पंखा टुणकन उडायला हवा.

ग्लो हेड आधी बाहेरच तपासा. दीड व्होल्टचा मोठा ड्राय सेल लावला की तार नारिंगी दिसली पाहिजे. दोन व्होल्टचा लेड ॲसिड सेल लावू नका, तार जळते, आणि इथे तार जळली म्हणजे पूर्ण झाकण बदलावं लागतं.

इंधनात तेल किमान २० टक्के हवं आणि त्यातलं निदान निम्मं एरंडेल. आजकालच्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या कमी तेलाच्या इंधनावर हा गोळ्याचा सांधा लवकर झिजतो. ज्या तेलाने इंजिन धरलं तेच त्याला घालायचं, कारण चालत्या इंजिनाला त्याच्याइतकं दुसरं काही सांभाळत नाही. मेथॅनॉल हाताळताना हातमोजे घाला. ते त्वचेतून शरीरात जातं आणि डोळ्यांवर परिणाम करतं. त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, म्हणून सांडलेलं इंधन पुसल्याशिवाय बॅटरी जोडू नका.

इंजिन लाकडी फळीवर स्क्रूने पक्कं बसवा. नीडल तीन फेरे उघडा, एक्झॉस्टमध्ये इंधनाचे दोन थेंब टाका, बॅटरी लावा, आणि पंख्याला काठीने किंवा स्प्रिंग स्टार्टरने झटका द्या. उघडं बोट वापरू नका, कापतं. रीड व्हॉल्व्हचं इंजिन उलट्या दिशेनेही आनंदाने चालू होतं, तसं झालं तर बंद करून परत सुरू करा. सुरू झाल्यावर पंख्याच्या रेषेत उभं राहू नका. पहिल्या दोन-तीन टाक्या नीडल उघडीच ठेवून, धूर आणि तेल उडवत, जडशा आवाजात चालू द्या. मगच हळूहळू बंद करत आवाज वाढवा. नीट जमलं की मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या पुढे जाणारा तो टोकदार आवाज येतो, आणि जळलेल्या एरंडेलाचा वास कपड्यांना लागून घरात येतो.

माझी प्रॉप रॉड चालली त्या संध्याकाळी मी त्या गृहस्थांना बोलावलं होतं. ते एक शब्द बोलले नाहीत, इंजिन बंद पडेपर्यंत जवळ उभे राहिले आणि मग वाकून त्याचा वास घेतला.

चालवून झाल्यावर टाकी पूर्ण रिकामी करा आणि उरलेलं इंधन इंजिन चालवूनच जाळा. एक्झॉस्टमधून आणि टाकीच्या तोंडातून गिअरबॉक्सच्या तेलाचे पाच-सहा थेंब सोडून पंखा दहा-बारा वेळा फिरवा. पिस्टनने एक्झॉस्टच्या फटी झाकल्या जातील अशा जागी थांबवा, सुती फडक्यात गुंडाळा, आणि दर तीन-चार महिन्यांनी काढून हाताने दोन फेरे द्या.